सासऱ्यांची घोंगडी, माझं गॅरेज

मी माझ्या सासऱ्यांची घोंगडी वॉशिंग मशीनमध्ये घालून गरम पाण्याने धुतली. साबण तर लावलाच, वर ते फुलांच्या वासाचं निळं औषधही झाकणभर ओतलं. एवढ्यावर थांबलो असतो तर नुसता मूर्ख ठरलो असतो. पुढे जे केलं त्याला मूर्खपणा म्हणणं म्हणजे स्वतःला सूट देणं आहे.

सासरे वडिवळ्याचे, भातशेती करणारे. त्या उन्हाळ्यात त्यांचं जुनं स्वयंपाकघर पाडून वर स्लॅब टाकायचा होता. चूल गेली, तिच्याबरोबर चुलीवरची वलणही गेली. पावसाळा सोडला तर घोंगडी कायम त्या वलणीवर, धुरात टांगलेली असायची. म्हणून घरातल्या स्वेटर-कानटोप्यांबरोबर तीही गाठोड्यात बांधून लोणावळ्याला माझ्याकडे आली, कारण माझ्याकडे गॅरेज होतं. गाडी नव्हती. गाडी येणारच आहे म्हणून आधी गॅरेज बांधून बसलेला मी माणूस. आत एक स्कूटर आणि एक पत्र्याची ट्रंक.

"पावनं," गाठोडं उतरवत सासरे म्हणाले, "सुटरं कशी बी ठिवा. घोंगडी तेवढी वाऱ्याव टांगा. आन साबण न्हाई लावायचा तिला."

"मामा, तुम्ही काळजी सोडा. आमच्याकडे सगळं शास्त्रशुद्ध असतं."

हे वाक्य आठवलं की अजूनही कान गरम होतात.

ते गेल्यावर मी घोंगडीला नाक लावलं. धूर, मेंढी, बैल आणि चिखल, सगळ्यांचा मिळून एक वास. लोणावळ्याच्या पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी येते. तेव्हा स्वच्छ धुवायचं आणि हवाबंद ठेवायचं, हे माझं तत्त्वज्ञान. बायको बांधकामाच्या मदतीला माहेरी राहिलेली, त्यामुळे हात धरणारं कुणी नव्हतं. मशीनमधून तीनदा चहासारखं पाणी निघालं. तीनही वेळा मला अभिमान वाटला.

संध्याकाळपर्यंत घोंगडी अर्धवटच वाळली. म्हटलं, गॅरेजच्या पत्र्याखाली एवढं तापतं, वाळेल आतल्या आत. जाड प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, डांबराच्या गोळ्या टाकल्या, तोंडाला चिकटपट्टी लावली आणि पिशवी ट्रंकेत ठेवली. ट्रंकेवर मार्करने लिहिलं, 'घोंगडी – सुरक्षित'.

जूनच्या सुरुवातीला ट्रंक उघडली. आत सहा-सात वर्षांच्या मुलाला होईल एवढी, पुठ्ठ्यासारखी कडक, हिरव्या-पांढऱ्या बुरशीने नटलेली एक वस्तू होती.

तेव्हाच सासऱ्यांना फोन करायला हवा होता. मी ब्रश आणला. बुरशी खरवडली, दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकली, मग कोपऱ्यांना विटा बांधून कठड्यावरून लोंबकळत ठेवली, का तर ती लांब व्हावी. माहेरून परतलेल्या बायकोने विचारलं, "अहो, विटा कशाला?"

"वाऱ्याने उडू नये म्हणून."

वडिवळ्याला नेऊन दिली तेव्हा सासऱ्यांनी ती उलटसुलट केली, हुंगली. "धूर कुटं गेला हिचा? आन आकसल्यावानी दिसतीय."

"दोन-अडीच महिने चुलीपासून लांब होती ना, मामा."

"व्हय. त्ये बी खरंच."

इतकं पटकन पटलं त्यांना. जावई खोटं कशाला बोलेल! मी वर दोन कप चहा पिऊन, पोहे खाऊन, पाया पडून आलो.

लावणीच्या दिवसांत एका रविवारी आम्ही दोघं मदतीला गेलो. मदत म्हणजे बायको आवण, म्हणजे भाताची रोपं, लावायला चिखलात, आणि मी टोपीवाला रेनकोट घालून, किटली धरून बांधावर. पाऊस एकसारखा कोसळत होता. बायकांनी प्लास्टिकची खोळ घेतली होती. सासऱ्यांना प्लास्टिक सहन होत नाही. आत माणूस उकडून निघतो म्हणतात. ते घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन बैलांमागे चिखलणी करत होते. एरवी पोटऱ्यांपर्यंत येणारी खोळ आज जेमतेम कमरेला पोचत होती.

"आबा, नातवाची घोंगडी आणली का काय?" लावणीतली एक मावशी ओरडली. सगळ्या हसल्या. सासरेही हसले.

पण धूर आणि मेंढीचा तेलकटपणा गेलेली ती लोकर आता पाणी झटकत नव्हती, पीत होती. तासाभरात तिच्या कडांवरून धार लागली. खांद्यांवर ओझं, खाली पाठ उघडी. सत्तरीला टेकलेला माणूस वाकून चालत होता, आणि त्याचं कारण त्या अख्ख्या शिवारात मला एकट्याला ठाऊक होतं.

चहाला ते बांधावर आले. कप दोन्ही हातांत धरून त्यांनी तो आधी गालाला लावला.

"घोंगडीत राम न्हाई राह्यला," ते म्हणाले. "म्हातारी झाली. माझ्यावानीच. का मलाच गारठा सोसंना, काय कळंना. औंदा शेवटचं बैलामागं, पावनं. फुडल्या साली वावर वाट्यानं देतो."

ते माझ्या लबाडीचं खापर स्वतःच्या वयावर फोडत होते. शेत सोडायला निघाले होते.

मग मी सांगितलं. मशीन, गरम पाणी, निळं औषध, पिशवी, ट्रंकेवर लिहिलेलं 'सुरक्षित', ब्रश, विटासुद्धा. माझा आवाज रेनकोटच्या टोपीत घुमत होता. बायको आवण हातात धरून तशीच उभी राहिली. मी रेनकोट काढून पुढे केला. सासऱ्यांनी एक हात बाहीत घालून पाहिला. त्यांच्या खांद्याला तो पुरेना. त्यांनी तो काढून मला परत दिला.

मग त्यांनी घोंगडी पिळली. पाणी माझ्या पायावर पडलं.

"म्हंजी मी न्हाई म्हातारा झालो," ते म्हणाले. मग कप माझ्या हातात दिला. "आता उनाळ्यात घोंगडी आमची आमी संबाळू. तुमी ट्रंकंत बसा, पावनं. वरनं लिवलंयच, सुरक्षित."