खरं आडनाव

कवठे महांकाळच्या विहारात दर रविवारी सकाळी मी मुलांना पंचशील शिकवते. एकदा खोटं न बोलण्याच्या शीलावर बोलत होते, तेव्हा नववीतली एक मुलगी उभी राहिली.

"ताई, जात कळू नये म्हणून क्लासमधल्या मैत्रिणीला मी आडनाव दुसरंच सांगितलंय. माझं शील मोडलं व्हय?"

कॉलेजात असताना सांगलीत खोली मिळावी म्हणून मीही घरमालकिणीला खोटं आडनाव सांगितलं होतं. दोन वर्षं तिच्या हातचं जेवले, पण खरं कधी बोलले नाही. ते त्या दिवशी मुलांना पहिल्यांदाच सांगितलं.

"मग तुमाला कसं वाटायचं?" तिनं विचारलं.

"घरमालकिणीनं त्या आडनावानं हाक मारली की धस्स व्हायचं. तू भ्यालीस म्हणून खोटं बोललीस, बाळ. भीती कमी झाली की खरं सांग. घाई नको."

महिन्याभरानं ती मैत्रिणीला घेऊनच विहारात आली. "हिला सांगितलं, ताई."

मैत्रीण चप्पल काढत म्हणाली, "मला ठाऊकच होतं की. हिच्या वहीवर लिवलेलं हाय."

पोरं हसली, तीही हसली. मी दोघींना बसायला सतरंजीवर जागा करून दिली.