दोरी हलेना

देवीपाशी मी नेमकं काय मागितलं आणि तिनं नेमकं काय दिलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. विचार करायला बसलो की डोकं गोंधळून जातं. म्हणून जे झालं ते जसं आठवतं तसंच लिहितो.

मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, फुप्फुसाचा आजार आहे. प्रताप नगरातल्या आमच्या घरी तिच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन अखंड चालू असतं. ते विजेवर चालतं. लाइट गेलीच तर जोडायला एक छोटा सिलिंडर असतो, पण तो थोडाच वेळ पुरतो. उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नाही म्हणून मंदाच्या भावानं, सुधाकरनं, आपल्या मंडपाच्या धंद्यातला एक लहान जनरेटर आमच्याकडे पाठवून दिला. ऑटोत तो उभा मावेना, तेव्हा ऑटोवाल्यानं सीटवर आडवा टाकून आणला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्याच दुपारी वादळ झालं. गल्लीतलं कडुनिंबाचं झाड तारांवर पडलं आणि लाइट गेली. मी सिलिंडर जोडला आणि दवाखान्यात फोन केला. रस्त्यावर जागोजागी झाडं पडली आहेत, ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागेल, असं त्यांनी सांगितलं. पोर्चमध्ये पावसाचे फटकारे येत होते. जनरेटर भिजू नये म्हणून मी तो ओढत बैठकीत आणला, मंदाच्या खोलीच्या दाराशी ठेवला आणि पाणी आत येतं म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. मग दोरी धरली आणि ओढली.

दोरी वीतभर आली आणि थांबली. आतून कोणीतरी धरून ठेवावी तशी. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. पाय टेकवून सगळ्या ताकदीनं हिसका दिला, तर खांद्यात कळ गेली आणि मूठ हातातून सुटली. सुधाकरला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊजी, पेट्रोलचा कॉक उघडला का? चोक ओढला का? मशीनची वायर लावली असन तर काढा पहिले." मी सगळं केलं. दोरी हलेना. तो आणखी काही सांगत होता, तेवढ्यात फोन कटला.

सिलिंडरचा काटा खाली येत होता. मंदा आतून म्हणाली, "अहो, राहू द्या थोडं. खांदा जाईन तुमचा." तिचा आवाज इतका शांत होता की मला जास्तच भीती वाटली. तिच्या आजारपणापासून माझी पूजा नुसती सवयीनं चालली होती. कोणासमोर बसतो, कशासाठी बसतो, काही कळत नसे. त्या क्षणी मात्र देव्हाऱ्याकडे पाहून मी म्हटलं, आई, बाकी काही मागत नाही, एवढं चालू होऊ दे. आणि पुन्हा ओढली. दोरी तसूभरही पुढे आली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देवीला ऐकूही येत नाही का, असं वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर साठीतल्या एक बाई पोर्चमध्ये उभ्या होत्या, पदर ओला, हातात पिशवी. "पाऊस थांबेपर्यंत उभी राहू का जी इथं?" त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर माझ्या मागं गेली. "हे घरात काहून लावून राहिले?"

बाहेर पाऊस आहे, आत पेशंट आहे, मी कसंबसं सांगितलं.

"घरात नका लावू," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ असाच गेला. दुकानात जनरेटर लावला, पाणी येते म्हणून शटर खाली केलं. धुरातला विषारी गॅस आतच कोंडला. लोकायले वाटलं बसल्या बसल्या झोपला."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि जनरेटरची एक बाजू धरली. पावसाचे फटकारे आता कमी झाले होते. दोघांनी मिळून तो फाटकाजवळ, पोर्चच्या टिनाखाली खिडक्यांपासून दूर नेला, विटांवर ठेवला आणि धुराचं तोंड रस्त्याकडे केलं. मग त्या आत जाऊन मंदाचा हात धरून बसल्या.

फोन पुन्हा लागला तेव्हा सुधाकरनं विचारलं, "आडवा करून आणला होता का?" मी हो म्हटलं. "मग इंजिनातलं तेल वर प्लगपाशी चढलं असन. त्याच्यानं दोरी अडते. स्विच बंद ठेवा, प्लग खोला आणि दोरी ओढा. तोंड पुढं नका नेऊ." जनरेटरला बांधलेल्या पान्यानं मी प्लग खोलला. या वेळी दोरी सरसर आली आणि प्लगच्या भोकातून काळ्या तेलाची पिचकारी उडाली. तेल निघून गेल्यावर सगळं पुसलं, प्लग पुन्हा बसवला. थोड्या प्रयत्नांनी इंजिन धडधडलं आणि निळसर धुराचा लोट निघाला. वायर जोडली. आतलं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

मी त्या धुराकडे पाहत राहिलो. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "हा तर दिसून राहिला," त्या म्हणाल्या. "जो दिसत नाही तोच वाईट असते."

मी हात जोडले. म्हटलं, "आईनंच पाठवलं तुम्हाला."

"मले कोणी नाही पाठवलं जी. आम्ही बुद्धाले मानणारी माणसं. पोरीकडे चालली होती, पाऊस आला म्हणून थांबली." मग त्या म्हणाल्या, "हात जोडाचेच असन तर माह्या भावासाठी जोडा. तो गेला म्हणून मले माहीत होतं. रमेश नाव होतं त्याचं."

चहा घेऊन, मंदाच्या कपाळावरून हात फिरवून त्या पोरीकडे गेल्या. लाइट संध्याकाळी आली.

सुधाकर म्हणतो, तेल चढलं होतं, दुसरं काही नाही. ते खरंच आहे, तेल मी डोळ्यांनी पाहिलं. पण मी जे जीव तोडून मागत होतो ते मिळालं असतं, तर त्या बंद घरात मंदा आणि मी दोघंही राहिलो नसतो, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता येत नाही, आणि आता मी तो घालायला जातही नाही. मागणं काही सुटलेलं नाही. पण एखादी गोष्ट अडून बसली की पूर्वीसारखा हिसका देत नाही. जरा थांबतो, दार उघडं ठेवतो.

त्या संध्याकाळी दिवा लावला, तर कोणती प्रार्थना म्हणावी तेच कळेना. शेवटी देवीसमोर बसून मी त्या बाईंच्या भावाचं नाव घेतलं. मंदानं ते ऐकलं आणि पलंगावरूनच हात जोडले.