हिरडीखालचे दात

समोर कोणीही आलं की काका आधी त्याच्या तोंडाकडे बघत. नाव-गाव नंतर. “हस जरा,” असं ते पोस्टमनलाही म्हणत आणि भाजीवालीलाही. समोरचा गोंधळून हसला की लगेच निकाल देत, “डावा सुळा फिरलाय. बाकी सोनं आहे.” कॉलर बघून माणूस ओळखणारा शिंपी तुम्ही पाहिला असेल. त्यातलाच हा प्रकार.

मलाही पहिल्या दिवशी ते ‘हस जरा’ म्हणाले. मी ओठ आणखी घट्ट मिटले.

“राहू दे,” ते म्हणाले. “काही दात पाहुण्यांसमोर येत नाहीत.”

उल्हासनगरात, कॅम्प तीनच्या फर्निचरवाल्यांमागे एका गाळ्यात ते कवळ्या बनवायचे. डेंटिस्ट रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवत, काका त्यावर दात बसवून देत. राहायला मोरिवलीत. माझ्या वडिलांशी त्यांची ओळख अंबरनाथच्या बुद्धविहारातली. दोन हजार तीनच्या सुमारास मी दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला होते. तिथे मेणाच्या कांडीतून एकेक दात कोरून दाखवावा लागतो. माझा प्रत्येक दात सर बोटांनी मोडत आणि परत देत. शेवटी वडील मला काकांच्या गाळ्यात घेऊन गेले.

काकांनी मी कोरलेला पटाशीचा दात हातात घेतला, उलटसुलट केला.

“हा उजवा की डावा?”

मी पुस्तक चाळू लागले.

“म्हणजे तू दात नाही कोरलास, साबण कोरलास. बघ. दोन पटाश्या जिथे एकमेकींना चिकटतात ना, तो कोपरा टोकदार. दुसरा गोल. मुळाचं टोक गालाकडे झुकतं. एवढं पाळलं की दात स्वतः सांगतो मी कुठल्या बाजूचा.”

मी पुस्तकात हे सगळं इंग्रजीत वाचलेलं होतं. हाताला ते काकांनी शिकवलं. दर शनिवारी मी जायचे. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची, दाढेचे उंचवटे काढायचे, मधली खाच खोल करायची. काका दहावी नापास. दात कसा दिसतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. तो येतो कुठून, हे मात्र ते कधी शिकले नव्हते. त्यांच्याकडे दात नेहमी तयारच यायचे, पाकिटातून.

एकदा एक सिंधी आंटी स्वतःच माप घेऊन आल्या. “भाई, दाँत एकदम सफेद चाहिए. हीरोइन जैसे.”

“आंटी, इतना सफेद लगाया तो लोग दाँत से बात करेंगे, आपसे नहीं.”

आंटी खळखळून हसल्या. काका मला हळूच म्हणाले, “बघून घे. खालची उजवी दाढ नाही.”

त्यांची नात अधूनमधून गाळ्यात असायची. तेव्हा पाच वर्षांची. काकांच्या मुलीची मुलगी, बाप नव्हता. केस विरळ, कातडी कोरडी, उन्हाळ्यात अंगाला घाम येत नसे म्हणून आई तिचा फ्रॉक ओला करून घाली. वरच्या हिरडीत दोनच दात, खिळ्यासारखे टोकदार. बाकी तोंड रिकामं. चपाती तिला दुधात कुस्करून द्यावी लागे. जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं, आणि त्याआधी दात यावेत एवढाच काकांचा ध्यास होता. रोज सकाळी कामाला निघण्यापूर्वी ते तिच्या हिरडीवरून बोट फिरवून बघत.

एका शनिवारी त्यांनी मोठं पाकीट पुढे केलं. दोन्ही जबडे एकत्र दिसतात ती एक्स-रे फिल्म.

“डॉक्टर बोलला, प्लेट बनवा पोरीला. बस, एवढंच बोलला. तू शिकतेस. सांग, हिरडीच्या खाली दात आहेत ना?”

मी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. पाच वर्षांच्या मुलाच्या जबड्यात दातांच्या दोन ओळी दिसायला हव्यात. दुधाच्या दातांची एक, आणि तिच्याखाली हाडात दाटीवाटीने वाट पाहणारी पक्क्या दातांची दुसरी. दातांचे हे अंकुर आईच्या पोटातच धरायला लागतात. जो धरला नाही तो नंतर येत नाही. महिन्यापूर्वीच मी परीक्षेत यावर दोन पानं लिहिली होती. इथे ते दोन खिळे होते आणि खाली सपाट, राखाडी हाड.

दात येणारच नाहीत, हे वाक्य माझ्याकडे इंग्रजीत होतं. एका आजोबांना सांगायचं मराठी वाक्य माझ्याकडे नव्हतं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, नेहमीसारखेच. नात बाकावर पाय हलवत बसली होती.

“काहींना उशिरा येतात, काका,” मी म्हणाले.

“हेच मी बोलत होतो!” त्यांनी नातीचा गालगुच्चा घेतला. “ऐकलंस? डॉक्टरीण बोलली!”

प्लेट, म्हणजे छोटी कवळी, त्यांनी केली नाही. त्यांचं कारण त्यांच्या धंद्यातलं होतं. वर कवळी दाबून बसली आणि खालून दात यायला लागले, तर ते वाकडे येतील. उभ्या उल्हासनगराला दात देणारा माणूस नातीची हिरडी मोकळी ठेवून बसला. मोकळी ठेवा असं मी म्हटलं नव्हतं. पण नका ठेवू, असंही म्हटलं नव्हतं.

पहिलं वर्ष पास झाल्यावर मी गाळ्यात जायचं टाळू लागले. वडिलांकडून कळायचं. शाळेत पोरं तिला ‘ए आजी’ म्हणतात. ती कविता म्हणायला उभी राहत नाही. डबा तसाच परत येतो. दुसरीत गेल्यावर तिने शाळेत जायचंच सोडलं.

तिसऱ्या वर्षी एका तासाला सरांनी सांगितलं की घामाच्या ग्रंथी, केस आणि दात गर्भात एकाच थरातून तयार होतात. त्या थरातच खोट असली की तिन्ही बिघडतात. मी वहीत तारीख लिहिली आणि पुढे काहीच लिहिलं नाही. त्या शनिवारी उल्हासनगरला गेले.

सगळं मराठीत सांगितलं. अंकुरच नाहीत. दात येणार नाहीत. कवळीच लागेल.

काकांनी हातातलं मेण खाली ठेवलं. “तेव्हा फिल्ममध्ये दिसत नव्हतं?”

“दिसत होतं.”

बराच वेळ त्यांनी सुरी पुसली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

“अगं, मग दोन वर्षं मी बोट कशावर फिरवत होतो?”

ते उठले, बेसिनवर हात धुतले, आणि म्हणाले, “चला, मॅडम. मला काम आहे.” त्यानंतर मी त्यांना भेटले नाही.

एवढ्या छोट्या जबड्याला बसतील असे दात बाजारात मिळत नव्हते. म्हणून त्यांनी नातीचे दात स्वतः मेणात कोरले, असं वडिलांनी सांगितलं. कोपरे, उंचवटे, सगळं.

माझी इंटर्नशिप चालू असताना ते गेले. छातीचा आजार, प्लास्टरची धूळ वर्षानुवर्षं आत गेलेली. जलदानविधीनंतरच्या रविवारी मी मोरिवलीला गेले. काकांच्या मुलीने कपाटातून डबी काढली. आत चार कवळ्या होत्या, एकीपेक्षा दुसरी किंचित मोठी.

“जबडा वाढला की आबा नवीन करायचे. ही घालतच नाय. लावली की उलटी काढते, नायतर काढून खिशात टाकते. सवय लहानपणीच लागायला पायजे होती, डॉक्टर बोलला.” तिने माझ्याकडे बघितलं नाही. “तुम्ही बघता का जरा? तुमचं ऐकेल.”

नात दहा वर्षांची झाली होती. चहाची बशी घेऊन खिडकीपाशी बसलेली. मी तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसले. “मी बघू?”

तिने हाताने तोंड झाकलं.

“आबा रोज बघायचे,” ती हाताआडून म्हणाली. “आता कोणी नका बघू.”

एवढं बोलून तिने पाव चहात बुडवला, आमच्याकडे पाठ केली, आणि तो पुरता मऊ होईपर्यंत बशीवर मान झुकवून बसून राहिली.