रावसाहेबांचा गूळ

कन्हेरीचे पाटकरी आबा माणसाला अरे-तुरे करीत आणि कुत्र्याला अहो-जाहो. कालव्याचे पाणी वाटण्यात ज्यांची हयात गेली, त्या आबांनी खुद्द तहसीलदारास "काय रं, जेवलास का?" असे विचारलेले मी समक्ष ऐकले आहे. दारातल्या तांबड्या गावठी कुत्र्याचे नाव मात्र रावसाहेब. "रावसाहेब, उठता का जरा? झाडायचं हाय." बारामतीच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिताना 'महोदय' हा शब्द मी रोज योजतो, त्यातला आदर इतक्या अंतःकरणपूर्वक उच्चारलेला मी आबांच्या शेजारी राहूनच ऐकला.

सदर रावसाहेबांना घरात पहिल्या भाकरीचा मान होता, तोही गुळासह. "पहिला घास राखणदाराचा. आमी काय, उरलंसुरलं खाणारी." परिणामी जगातील समस्त गूळ आपल्याचसाठी शिजतो, असा रावसाहेबांचा ठाम समज झाला होता.

एका पावसाळ्यात आबांच्या परसातील झेंडूवर गोगलगायी पडल्या. दुकानदाराने सांगितल्याबरहुकूम आबांनी कोंडा, गूळ आणि कीटकनाशक कालवून गोळ्या केल्या व वाफ्यांच्या कडेने मांडल्या. पुड्यावर जहाल विषाचा लाल त्रिकोण होता. जनावरांपासून दूर ठेवावे, असेही छापलेले होते. मी ते मोठ्याने वाचून दाखवले.

"रावसाहेब खानदानी हायेत," आबा म्हणाले. "भुईवरचं खात न्हायीत."

खानदानी रावसाहेबांनी गोगलगायींच्या आधी पंगत उरकली. तोंडाला फेस, अंगाला कापरे. आबांनी त्यांना स्वतःच्या कोऱ्या धोतरात गुंडाळले आणि माझ्या मोटारसायकलवरून आम्ही जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टर सुया टोचीत होते, आणि आबा टेबलाशी उभे राहून ओरडत होते, "ए डॉक्टर, नीट बघ! साहेब हायेत ते!"

रावसाहेब वाचले. दुसऱ्याच दिवशी आबा माझ्या टेबलापुढे हजर.

"ए रायटर, अर्ज लिही. विषप्रयोग झालाय."

"गैरअर्जदाराचे नाव?"

"माझंच."

अर्जदार व गैरअर्जदार एकच इसम असल्यास अर्ज चालत नाही, हे मी त्यांना यथोचित समजावून दिले.

"मग तुझा कायदा काय चुलीत घालायचा व्हय?"

अखेर शिक्षा आबांनी स्वतःच भोगली. कंबर धरून धरून ते गोगलगायी हाताने वेचीत आणि मिठाच्या पाण्यात टाकीत. मात्र आजूबाजूच्या मळ्यांत गोळ्या होत्याच. त्यातच आबांची नजर मंदावली आणि लेकीने त्यांना पुण्याला नेण्याचे ठरवले. तिच्या घरी कुत्र्याला मज्जाव होता. रावसाहेबांना मी सांभाळावे, असे ठरले. तरी आबांच्या डोळ्याला डोळा लागेना. "ह्यांच्या जिभंचं काय? कुणाच्या रानात गूळ दिसला की गेले!"

मग त्यांनी गुळात मिरचीचा ठेचा कोंबून गोळ्या केल्या आणि अंगणात, बांधावर, माझ्या ओट्यावरसुद्धा पेरल्या. पहिल्याच गोळीला रावसाहेब असे शिंकले की कोंबड्या उडाल्या. चार-पाच गोळ्यांनंतर त्यांनी आबांकडे पाहणेच सोडले. "ह्यांना माझ्यावानी शिव्या देता आल्या असत्या, तर बरं झालं असतं," आबा पुटपुटले.

निघायच्या दिवशी लेक गाडीत बसून हॉर्न वाजवीत होती. आबांनी खिशातून गुळाचा खडा काढला. बिनमिरचीचा. तळहातावर धरून ते उकिडवे बसले.

"रावसाहेब, ह्यो निर्मळ हाय. घ्या."

रावसाहेबांनी हुंगले. शेपूट हलले. मान फिरली.

"घ्या की. आता मी जाणार हाय."

रावसाहेब उठले आणि माझ्या पायामागे जाऊन बसले.

आबांनी तो खडा स्वतःच्या तोंडात टाकला. डोळे पुसत, चघळत ते उठले आणि गाडीच्या दाराशी पोचल्यावर मागे वळून गरजले, "पास झालास की रं, बेण्या!"

त्या क्षणी रावसाहेब माणसांत जमा झाले.