सूर्याकडे तोंड करून

माझं डोकं उन्हाने दुखे. वाशीमच्या वेशीबाहेर सासरचा भाजीचा मळा होता. एकोणीसशे चाळीसच्या दशकात, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, मी तिथे वांगी तोडायला बसले की तासाभरात उजव्या डोळ्यामागे ठणका सुरू होई. एरवी मला प्रिय असलेला कोथिंबिरीचा वास नाकात टोचे, मोटेचं चाक करकरलं की दात शिवशिवत. नाकाच्या दोन्ही अंगांनी गालांवर तांबडे चट्टे उमटत, बोटांची पेरं सुजत. उभी राहिले तर बसावंसं वाटे, बसले तर उठून कुठेतरी पळावंसं.

उन्हाने चेतणाऱ्या या दुखण्याला ल्युपस म्हणतात, हे मला साठीत कळलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात डोकं पुष्कळांचं दुखतं. मात्र प्रत्येक डोकेदुखी त्याचीच असते असं नाही. त्या काळी घरात त्याला एकच नाव होतं, अर्धशिशी. माझ्या जावेचं मत निराळं होतं.

"वांग्याच्या वाफ्यातच दुखते हिचं डोकसं. ताटावर बसली का नाही दुखत."

सासूबाईंनी तिला गप्प केलं आणि मला सांगितलं, "पाच रविवार उतरवून पाहू. नाही उतरली, तं तुले तुया बापाच्या घरी पोचवून देऊ."

माहेरी माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. सासरहून परत आलेल्या थोरलीनंतर त्यांना कोण पाहायला येणार?

उतरवण्याची रीत अशी, की उगवतीकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून बसायचं आणि सूर्य कासराभर वर येईपर्यंत हलायचं नाही. शेजारचे एक म्हातारबाबा लिंबाचा डहाळा कपाळावरून फिरवत पुटपुटत राहत. दर रविवारी दुपारपर्यंत मला ओकाऱ्या होत, आणि दुखणं आता बाहेर पडतंय, असं सारे म्हणत.

चौथ्या रविवारी सासूबाई समोरच मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

"डोये काहून झाकून राह्यली वं?"

"नाही सोसत."

त्या उठून आल्या. मेथीच्या मातीचा हात त्यांनी माझ्या गालावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"बाबा, पानाची वेल अशी उन्हात धरली तं काय व्हते?"

"करपते."

"मंग आपण काय करून राह्यलो हे?"

"अजून एक रविवार हाय, बाई."

"राहू द्या तो."

मळ्याच्या टोकाला आमचा विड्याच्या पानांचा मळा होता, शेवरीच्या दाट सावलीत वाढलेला. त्यात बायकांनी पाऊल टाकायचं नाही. विटाळाने वेल जळते, ही तिथली पक्की समजूत. सासूबाई स्वतः कधी आत गेल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "उद्यापासून आपली सून पानं खुडन."

"अन् वेल जळली तं?"

"माया नावानं बोंबला."

आत ओला, गार, किंचित तिखट वासाचा अंधार होता. तिथे माझं डोकं पुष्कळदा शांत राही. कधी सावलीतही ठणके, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. महिन्याचे चार दिवस मला बाहेर, वांग्यांत बसावं लागे, आणि पाचव्या दिवशी मी दुखऱ्या डोक्याने वेलींकडे परते.

सासरे रोज सकाळी, कुठे जळली का ते बघत, वेली न्याहाळत फिरत. मी त्यांच्या आधी जाई. पान पिकून पिवळं पडायचंच. पण जिथे ते दिसे, तिथे मी ते घाईने खुडून कमरेला खोवी, आणि मग पुढची वेल पाही.