झाकणताई आणि भावाच्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत तिला मागून सगळे झाकणताई म्हणतात. मीही म्हणते. पेशी वाढवायच्या प्लॅस्टिकच्या बशीचं झाकण क्षणभर उघडं राहिलं, तरी ती अंगावर येते. एवढी तोंडाळ बाई घरी एक शब्द बोलत नसेल, कारण बोलायला घरी कोणी नाही.

होता तो धाकटा भाऊ. त्याच्या कातडीला ऊन सोसायचं नाही. ऊन तुमच्या-माझ्याही पेशींमधला डीएनए बिघडवतं. पेशी त्याची नक्कल करताना बिघडलेल्या जागी अडली, की एक खास प्रथिन पुढे होऊन ती जागा पार करून देतं. भावाकडे जन्मापासून ते प्रथिनच नव्हतं. नक्कल अडायची, चुकायची, आणि शेवटी कर्करोगाने त्याला गाठलं. घरातले पडदे वर्षानुवर्षं ताईनेच ओढले. कुणी लग्नाचं काढलं की म्हणायची, "मग पडदे कोण ओढणार?" तो गेला, पडदे अजून तसेच आहेत.

त्याने हयातीत दिलेल्या कातडीच्या तुकड्यातल्या पेशी मात्र आमच्याकडे वाढतात. त्यांना खाऊ घालायला ती सुट्टीच्या दिवशीही येते. मला तिची फार कीव येते, आणि ते तिला कळू नये म्हणून मी तिच्याशी भांडते.

मध्यंतरी आमच्या प्रमुख बाईंनी निरोगी माणसाच्या आणि भावाच्या पेशींवर अतिनील किरण सोडून नक्कल कुठे अडते ते बघायला सांगितलं. काम ताईने केलं. निकाल आला, तर भावाच्या पेशींची नक्कल बिनबोभाट चाललेली. "या पेशींनी दुसरी वाट शोधली की काय?" बाई हरखल्या. ताई तर हवेतच होती. जेवताना हळूच मला म्हणाली, "म्हणजे त्याला थोडं अंगणात बसवता आलं असतं का गं?"

मी "कोण जाणे" म्हणून विषय बदलला.

एका निकालावर भुलणाऱ्यांतल्या बाई नव्हेत. पुन्हा करा म्हणाल्या, आणि मला सोबत बसवलं. हे किरण प्लॅस्टिकमधून जात नाहीत, म्हणून दिव्याच्या पेटीत बशी ठेवताना झाकण काढावं लागतं. ताईने निरोगी पेशींच्या बशीचं काढलं. भावाची बशी मात्र तशीच आत सरकवली आणि बटणाकडे हात नेला.

"ताई, झाकण," मी म्हटलं.

तिने बशीकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला. तिला खरंच कळलं नव्हतं.

"मागच्या वेळीही असंच झालं असणार," ती म्हणाली. "हाताची सवय गं."

"तू बाहेर थांब. मी करते."

"नको. परक्याबरोबर तो उन्हात जायचा नाही."

तिने झाकण काढलं, बटण दाबलं आणि दिवा विझेपर्यंत पेटीच्या काचेतून बघत उभी राहिली. मागची चूकही बाईंना तिनेच जाऊन सांगितली.

या वेळी भावाच्या पेशींची नक्कल जागोजागी अडली होती. निकाल आला त्या दिवशी ताई जेवायला माझ्यासमोर बसली.

"म्हणजे पडदे ओढले ते बरोबरच होतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिने डबा न उघडताच पिशवीत ठेवला.