डिझेलचा स्क्रू आन माही मान

नवेगाव बांधच्या तळ्याच्या मासोळ्या मी जलमभर डोक्यावर वाहल्या. लगन होऊन आली तेव्हापासून. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आन गावोगाव हाका. मालक गेले तरी टोपली सुटली नाई. मंग मान गेली. डाव्या अंगाले वळेच ना, हाताले मुंग्या येत. डॉक्टरनं सांगतलं, आता डोक्यावर वजन घेतलं तं हात लुळा पडंल, मंग माह्याकडं रडत येऊ नका.

म्हनून पोरानं जीप आनली. जुनी, डिझेलची, टर्बोवाली, कोन्या ठेकेदारानं वापरून सोडलेली. मागं बरफात मासोळ्या, पुढं मी. कोहमाऱ्याच्या बाजारात नेऊन उतरवून देये. मले काय, जीप चालली पाहिजे आन डोक्यावर काई आलं नाई पाहिजे. तेवढंच मागनं होतं माहं.

पन गडी मानसाले गाडी नुसती चालून पुरत नाई. ती पळाली पाहिजे.

बाजारात एक कांद्याच्या गाडीचा ड्रायवर होता. त्यानं पोराले टोचलं. "काबे, तुही जीप चढावर म्हातारीसारखी काऊन कन्हते?"

मी पुढंच बसली होती. म्हटलं, "म्हातारी इथंच हाये, तिले ऐकू येते."

"तुमाले नाई मावशी, गाडीले म्हटलं," म्हने, आन हासत हासत बोनट उघडलं. टर्बोच्या दांडीचा नट फिरवून दांडी आखूड केली. म्हने, आता हवा जास्त भरंल. हवा वाढवली तं डिझेलबी वाढवा लागते, म्हनून पंपाचा स्क्रूबी त्यानंच फिरवला. पोरगा तेव्हा मोबाईलवर बोलून राहिला होता. स्क्रू कोन्या बाजूनं फिरवला ते त्यानं पाह्यलंच नाई.

जीप उडाली खरी. टर्बो शिट्टी मारे. पोरगा म्हने, "पाह्य माय, दम!" मी दोन्ही हातानं मान धरून बसली. मागं काय होऊन राहिलं ते मले पाह्यता येत नाई. एका मोटारसायकलवाल्यानं बाजूले येऊन सांगतलं. पांढरा सदरा घालून कोन्या साक्षगंधाले चालला होता, तोंड धुरानं तव्याच्या बुडासारखं काळं.

"ओ मावशी, मासोळ्या गाडीतच भुंजून राहिल्या काय?"

बाजारात बायका मासोळी नाकाले लावत आन ठेवून देत. "धुराचा वास येते वो बाई." बरफातल्या ताज्या मासोळ्या, आन धुराचा वास! माह्या जिवाचा संताप झाला. म्या पोराले म्हटलं, "होती तशी करून आन."

गोंदियाजवळ कुडव्याले एक मिस्त्री हाये, हिंदीच बोलते. पोरानं त्याले फोन लावला. मिस्त्री म्हने, "काला धुआँ है ना? डीजल कम करो, थोडासा." पोरगा म्हने, "समज गया भाई," आन फोन ठेवला. कोन्या बाजूले फिरवू, हे विचारलंच नाई. कमी करायचं म्हनजे कसायचं. नळ कसला का पानी कमी होते, तसंच. मलेबी तसंच वाटलं असतं. त्यानं पाना लावून स्क्रू कसला. उभ्या गाडीचा आवाज चढला. तो खूश. "पाह्य, आवाज कसा साफ झाला!"

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी जंगलातल्या चढावर एवढा धूर झाला का रस्त्यावरचे मोहाचे झाडं दिसेनात. पोरानं गाडी थांबवली, आनखी कसला. पुढं गेला, आनखी थांबला, आनखी कसला.

मी म्हटलं, "अरे, तू कसून राहिला तसा धूर वाढून राहिला. थांब ना!"

"माय, तुले गाडीतलं काय समजते?"

सांगून काई उपेग नाई. जरा वेळानं बोनटाखाली बार झाल्यासारखा आवाज आला. टर्बोच्या हवेचा रबरी पाइप फाटला होता. जीप जाग्यावर बसली, काळीठिक्कर, गरम.

बरफ विरघळून राहिला होता, खालून पानी गळे. एकबी गाडी थांबेना. पोरगा कपाळाले हात लावून उभा. "माय, आता?"

मी लुगड्याच्या जुन्या धडप्याची चुंबळ केली आन टोपली मागितली. तो म्हने, "मी नेतो ना." म्हटलं, "गाडी जंगलात एकटी टाकून? आन इकनार कोन, तू? तुले मासोळी साफ करता येते का?" त्यानंच मंग टोपली उचलून माह्या डोक्यावर ठेवली.

पुढच्या गावापर्यंत गेली. अर्ध्या मासोळ्या इकल्या, बाकीच्या नरम पडल्या, नाल्यात ओतल्या. वापस आली तं हाताची बोटं आपली वाटत नव्हती. पोरानं डाव्या हाताले तेल चोळलं, त्याच्याजवळ गाडीचंच तेल होतं. मी तेही चोळू देल्लं.

ट्रॅक्टरले बांधून दोरीनं ओढत जीप कुडव्याले नेली. मिस्त्री पाहूनच बोंबलला, "किसने छेडा इसको? कम करने बोला था, तूने तो कसा है!"

"कम करायलेच कसला ना भाई."

"अरे बाबा, ये नल नहीं है! स्क्रू अंदर गया तो डीजल बढेगा, बाहर आया तो कम होगा!" हासता हासता मिस्त्री टायरवर बसला. "क्या अम्माजी, क्या बेटा है!"

मले हासू आलं नाई. मी उजव्या हातानं डावा हात दाबून बसली होती.

मिस्त्रीनं नवा पाइप टाकला, दांडी जुन्या खुनेवर आनली, स्क्रू बाहेर काढला. हवेचं मीटर लावून रस्त्यावर चक्कर मारे, धूर पाहे, वापस येऊन इवलासा फिरवे. मले सांगे, "जितनी हवा, उतना डीजल, अम्माजी." त्यात काय सांगायचं? चुलीत लाकडं कोंबली आन फुंकनी कमी पडली तं धूरच होते. पन मले विचारलं कोनी?

शेवटी पोरगा हळूच म्हने, "भाई, थोडासा दम बढा दो ना."

मिस्त्रीनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "हात लावाल तं पाहा!" कोनी फिरवला तं दिसंल म्हनून त्यानं स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका मारला आन बोनट पाडलं.

आता जीप चढावर कन्हते. कांद्याची गाडी बाजूनं जाते, तो ड्रायवर हारन वाजवते. पोराची मूठ स्टेरिंगवर आवळते, ते मले दिसते. मागचं मात्र दिसत नाई, म्हनून दर चढावर मी विचारते, "धूर?"

तो आरशात पाहून म्हनते, "नाई, माय."

एका खेपेले मी विचारलं तं तो आरसा सोडून शिटाखालचा पाना चाचपून राहिला होता. बाजारात पोहचल्यावर मी तो पाना काढला आन टोपलीत मासोळ्याच्या खाली ठेवला. तिथंच हाये. पाहिजे असंल तं मासोळ्या उचलून घ्या लागंल, आन मासोळ्याले हात लावाले त्याले किळस येते.